शेंगेनं तुला नेलं नाही

दादा,

गावात सगळे म्हणतात की शेंगेनं तुला खाल्लं. घरी भेटायला येणारा माणूस आधी थोडा वेळ मान खाली घालून बसतो, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलतो, आणि उठता उठता परड्यात उपडी घातलेल्या त्या लांबट होडीकडं बघून म्हणतो, "तरी म्या हणमंताला सांगितलं हुतं." काय सांगितलं होतं, ते कुणी सांगत नाही. तू असतास तर तोंडावर विचारलं असतंस. मी विचारत नाही. मी आत जाते, पाण्याचा तांब्या भरून आणते, आणि तो जरा आदळूनच पुढ्यात ठेवते. त्यांना वाटतं, बहीण आहे, दुःखात भान नाही.

तेव्हा मी हे लिहून काढते. शेंगेनं तुला नेलं नाही. तुला एका गंजक्या खिळ्यानं नेलं, आणि खिळ्यापेक्षाही तुझ्या "काय होत न्हाई"नं नेलं. मी रागात आहे हे अक्षरावरून तुला कळलंच असतं. रागात माझं अक्षर गवताच्या काड्यांसारखं ताठ उभं राहतं, असं तूच म्हणायचास. बघ, उभं आहे.

लढाई संपून तू परत आलास तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता तोफांच्या आणि बर्फाच्या गोष्टी ऐकायला मिळतील. तू सांगत राहिलास एका होडीची गोष्ट. इटलीत कुठल्याशा नदीवर तुमच्या तुकडीला पूल बांधायचा होता, आणि त्याआधी एक गोरा शिपाई कापडी होडीतून पलीकडं जाऊन पाण्याची खोली मोजून आला होता. लाकडाच्या बरगड्या, वर ताणलेला कॅनव्हास, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. "बगळा उतरल्यागत गेला न् आला," म्हणालास. तिला कयाक म्हणतात. वहिनी चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "मग आपल्याला काय त्याचं?" तू म्हणालास, "आपलं रान कुठं हाय?"

आपलं रान पैलतीराला. घर या काठावर आणि ऊस त्या काठावर, अशी वाटणी आपल्या आजोबांनी कुठल्या तंद्रीत केली कोण जाणे. उन्हाळ्यात नदीला उतार मिळतो तेवढे दिवस चालत जायचं. एरवी सांगलीच्या पुलाला वळसा घालायचा, नाहीतर तात्यांच्या काहिलीत बसायचं. गुऱ्हाळावरची ती लोखंडी काहील, जिच्यात गूळ शिजतो, तीच पाणी वाढलं की आपल्याकडं नाव होते. तात्या आपले चुलते, काहील त्यांची, म्हणून पलीकडं कधी जायचं आणि कधी यायचं हेही त्यांच्याच मनावर.

पुण्याला लष्कराचा उरलेला माल विकायला काढला आहे असं कळलं तेव्हा मी सांगलीला ज्या शाळेत शिकवते तिथून तू मला रजा घ्यायला लावलीस. इंग्रजी वाचायला माणूस पाहिजे म्हणालास. तिथं गेल्यावर मला वाचायला काही मिळालंच नाही, कारण तू कुठल्याच पाटीकडं बघितलं नाहीस. तू गावाहून वाळूनं अर्धं भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन आला होतास. एकेका होडीत बसायचास, पोतं दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्यायचास आणि डोळे मिटून डावीउजवीकडं झुलायचास. शेवटी तिथला कारकून जवळ आला.

"अहो, हे पोतं कसलं?"

"ह्यो आमचा सुभेदार," तू म्हणालास.

"म्हणजे?"

"कुत्रं हाय घरी. त्याच्या वजनाचं भरून आणलंय."

"कुत्र्यासाठी होडी घेताय?"

"माझ्यासाठीच घेतोय. पण ते मागं राहात न्हाई."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला आणि दुसरीकडं बघू लागले. पण खरं सांगते, त्या दिवशी तुझा मला फार अभिमान वाटला. एक होडी लांब आणि निमुळती होती, बाणासारखी. मला तीच आवडली होती. तू तीत बसलास आणि लगेच उठलास. "ही पळंल चांगली, पण कुत्र्यानं मान वळवली की उलटंल." दुसरी होती दोघांची, बुडाला रुंद, आणि बसायची जागा एकच, लांब, वरून मोकळी. तू मला म्हणालास, "मंजे, ही बघ. उलटली तर सुभेदाराला भाईर पडाया जागा हाय. त्याला बांधायचं न्हाई कवाच. बांधलेलं जनावर होडीसंगं बुडतं." मी म्हणाले, पण ही हळू जाईल. तू म्हणालास, "कुणाला घाई हाय?"

कुणाला घाई होती, दादा? तुलाच असणार.

गावात ती आली तेव्हा तिला बघायला घाटावर गर्दी झाली. कयाक हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून शेंग हे नाव पडलं. तात्या कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरले. "ह्येच्यापेक्षा आमची काहील काय वाईट? चार माणसं न् दोन शेरडं बसत्यात." तू म्हणालास, "बसत्यात खरी तात्या. पण काहील कुठं जायाची ते नदी ठरवती." सगळे हसले, तात्याही हसले. पण मी त्यांच्याकडं बघत होते, आणि ते हसू मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

सुभेदाराला तू पाण्यावर नेण्याआधी कितीतरी दिवस परड्यातच शेंगेत बसवलंस. त्याची भाकरी शेंगेत, दुपारची झोप शेंगेत. लोक कुंपणावरून बघायचे, मातीवर होडी, तीत फौजेतून आलेला माणूस, आणि त्याच्या गुडघ्यांमध्ये तांबडं कुत्रं, दोघंही अगदी गंभीर. "बैस" म्हटलं की बसायचं, आणि "उतर" ऐकल्याशिवाय उतरायचं नाही. त्याच्या नखांनी कॅनव्हास फाटू नये म्हणून तू कानशीनं त्याची नखं घासून गोल केलीस आणि तळाला गोणपाट अंथरलंस. मी तुला विचारलं होतं, कुत्र्याला सुभेदार नाव का? तू म्हणालास, "मी नाईक म्हणून सुटलो. घरात कोणतरी वरच्या हुद्द्याचं नगं का?" आणि रोज सकाळी त्याला सलाम ठोकायचास. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

मग ते तेलाचं. त्याची आठवण आली की अजून हसू येतं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग येतो. कॅनव्हासमधून पाणी झिरपायला लागलं तेव्हा तू त्याला काय लावावंस? शेंगदाण्याचं तेल. गुऱ्हाळावर वाढलेला माणूस, तिथं उतू जाणाऱ्या रसापासून बैलाच्या खांद्यापर्यंत सगळ्यावर तेल हाच उपाय. तू अख्खी शेंग तेलानं माखून उन्हात ठेवलीस, आणि दोन दिवसांत गावातल्या सगळ्या उंदरांनी तिचं टोक कुरतडलं. मी रविवारी आले तर तू तिच्याशेजारी कपाळाला हात लावून बसलेला, आणि सुभेदार उरलेलं तेल चाटतोय.

"जवसाचं तेल लावायचं असतं, मेण घालून," मी म्हणाले.

"तुला कसं ठावं?"

"वाचलं होतं."

"मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?"

तू ठिगळ लावलंस आणि जवसाच्या तेलाचं काम माझ्यावर सोपवलंस. त्या दिवसभर आपण दोघं भिंतीच्या सावलीत बसून कॅनव्हास चोळत होतो. तू फौजेतलं काहीतरी गुणगुणत होतास. तसला दिवस मला पुन्हा मिळाला नाही. तेवढ्या एका दिवसासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि एवढं लिहून झाल्यावर पुढचं लिहायला मला हात आखडावा लागत नाही.

वहिनीच्या शेळीचीही एकदा तू हौस केलीस. कुत्रं बसतं तर शेळी का नाही बसणार, म्हणालास. शेळी बसली, अगदी सुनेसारखी अंग चोरून बसली, आणि नदीच्या मध्यावर तिनं शेंगेची दोरी खायला सुरुवात केली. तू दोरी सोडवायला वाकलास, सुभेदार शेळीवर भुंकला, आणि तिघंही पाण्यात. शेळी सगळ्यात आधी काठाला लागली. वहिनी वरून ओरडत होती, "माझी शेरडी!" तिनं तुझं नाव घेतलं नाही, हे तू पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होतास.

मी दर रविवारी सांगलीहून यायचे. तू मागं बसायचास, मी पुढं, सुभेदार मध्ये. तो माझ्या कमरेशेजारून मान पुढं काढून मांडीवर टाकायचा आणि पाणकावळे दिसले की नुसते कान हलवायचा. वल्हं तुझ्या हातात. मी कितीदा म्हणाले, मला मागं बसू दे, मला शिकव. तू म्हणायचास, "फुडल्या साली." पुढच्या साली पुन्हा "फुडल्या साली." मला शाळेत घालायला सगळ्या भावकीशी भांडलेला माणूस तू. तात्यांनी "पोरीची जात शिकून काय करणार" म्हटलं तेव्हा ताटावरून उठलेला माणूस तू. मग एक वल्हं हातात देताना तुझं काय अडलं होतं? शेवटच्या रविवारी याच गोष्टीवरून मी तुझ्याशी बोलले नाही. नदी पार करून परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तू मागून पाणी उडवत होतास, मी बोलावं म्हणून.

आणि काठावर उतरताना मला दिसलं, तू लंगडत होतास.

आता खिळ्याचं. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली एक फळी पडलेली होती. तात्यांनी जुन्या दाराची फळी काहील टेकवायला तिथं टाकली, त्याला किती वर्षं झाली कुणाला माहीत नाही. तिचे खिळे वर आलेले होते हे सगळ्या गावाला माहीत होतं. बायका धुणं घेऊन जाताना वळसा घालायच्या. गुराखी जनावरं दुसरीकडून उतरवायचे. ती फळी उचलावी असं कुणाला वाटलं नाही, कारण फळी तात्यांची. आणि तुला? तुला एवढंच वाटलं की सुभेदाराच्या पायात खिळा जाऊ नये. शेंग काठाला लागली की तू त्याला उचलून घ्यायचास, त्या फळीवरून पलीकडं नेऊन ठेवायचास. कुत्र्याचे पाय हवेत आणि तुझे अनवाणी पाय त्या फळीवर. दोन्ही हात कुत्र्यात गुंतलेले, खाली दिसत नाही, आणि एक दिवस खिळा तुझ्या टाचेत गेला.

तू तो उपसलास. घरी येऊन बिब्बा तापवलास आणि त्याचा चटका दिलास, आपल्याकडं काट्याला देतात तसा. वरून जखम काळी होऊन मिटली. आत काय राहिलं ते आतच राहिलं. मग रोज तोच पाय शेंगेच्या तळाच्या पाण्यात.

मी म्हणाले, "मिरजेला जा. डॉक्टरला दाखव."

"काय होत न्हाई. फौजेत सुई घेतलीय."

"कसली सुई?"

"सगळ्याची. रांगेत उभं करून दोन्ही दंडात टोचल्या. आता जन्मभर काय होत न्हाई."

"कसली होती ते विचारलंस का?"

"फौजेत विचारत न्हाईत, मंजे. दंड फुडं करत्यात."

हे तू हसत हसत म्हणालास. आणि मी, जी तुझ्याशी बोलत नव्हते, ती या एवढ्यापुरती बोलले होते. माझं म्हणणं बरोबर होतं याचा मला किती राग येतो, तुला कल्पना नाही. आपल्या भागात घराघरांतून फौजेत गेलेली माणसं आहेत, आणि एकेकाला वाटतं, त्या रांगेत एकदा दंड पुढं केला की पुढचं सगळं आयुष्य सरकारनं टोचून ठेवलं. लढाईतून तू धड परत आलास. त्या धड परत येण्याचाच तुला इतका भरवसा वाटला की घरामागच्या घाटावर तू डोळे मिटून चालत राहिलास.

आठवडाभरानं निरोप आला, हणमंताची दाढ धरलीय, भाकरी चावता येत नाही. मी आले तोवर तुझा जबडा मिटलेला होता. बैलगाडीतून मिरजेला नेलं. डॉक्टर चांगला माणूस होता, धनुर्वात आहे म्हणाला, काही लपवलं नाही. खोलीत अंधार करायला सांगितला. उजेड नको, धक्का नको, आवाज अजिबात नको. भांडं वाजलं तरी तुझं अंग धनुष्यासारखं वाकायचं. वहिनीनं हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून फडकं गुंडाळलं होतं.

आणि सुभेदार गाडीमागून धावत आला होता. खिडकीखाली बसून तो भुंकायला लागला. त्याला काय कळणार? एकेका भुंकण्याला तुझी पाठ अंथरुणावरून उचलली जात होती. तू डोळे माझ्याकडं वळवलेस आणि मिटलेल्या दातांमधून म्हणालास, "घीऊन जा."

मी घेऊन गेले. गावाबाहेर, लांब, जिथून त्याचा आवाज येणार नाही अशा एका मळ्यात त्याला घेऊन बसले. तो माझ्या मांडीवर मान ठेवून बसला आणि मी एका बांधावर बसून दिवस काढला. कुणीतरी मळेकरी विचारून गेला, "बाई, कुत्रं पिसाळलंय का?" मी नाही म्हणाले. संध्याकाळी परत आले तेव्हा वहिनी दारात उभी होती, आणि तिच्या बांगड्यांवरचं फडकं तिनं काढलं होतं. मला कळलं.

हे मी तुला कसं माफ करू? सगळ्या जगातून तुला मीच सापडले होते का कुत्र्याला बाहेर न्यायला? मला ठाऊक आहे, दुसऱ्या कुणाबरोबर तो गेला नसता. मला ठाऊक आहे. पण मला तुझ्याशी बोलायचं होतं. त्या रविवारी मी अबोला धरला होता, तो मोडायचा होता. तू दातांमधून दोन शब्द काढलेस आणि दोन्ही कुत्र्यासाठी.

तेरावं झालं. त्याच संध्याकाळी तात्या ओसरीवर बसले आणि त्यांनी सगळं ठरवून टाकलं. कुत्रं रडलं म्हणून माणूस गेलं, तेव्हा कुत्रं घरात नको. मेंढरं घेऊन धनगर माणदेशाकडं परत निघालेत, त्यांच्या हवाली करायचं. शेंग अपशकुनी. तिचा कॅनव्हास फाडून गुऱ्हाळाच्या जळणावर झाकायला घ्यायचा, बरगड्या चुलीत. आणि मग, जणू सुपारी कातरता कातरता सहज आठवलं असं, "रानाचं मी बघतो. मूलबाळ न्हाई, सरूनं आता उंबऱ्याच्या आत बसून सुखानं खावं."

सगळे माना हलवत होते. मला तेव्हा कळलं, शेंग फाडायची ती अपशकुनी म्हणून नव्हे. शेंग गेली की पैलतीराला जायला पुन्हा तात्यांची काहील. मग रान नावानं वहिनीचं राहील आणि पायानं तात्यांचं होईल. मी म्हणाले, "कुत्रं मी सांगलीला नेते." तात्या म्हणाले, "ने की. मोटारीत घेत्यात का बघ तुझ्या सुभेदाराला." लोक हसले. मी आणखी बोलले असते, पण माझा आवाज अशा वेळी शाळेतल्यासारखा होतो, आणि तो त्या ओसरीवर कुणाच्या कानात शिरत नाही. वहिनी आत होती. ती बाहेर आली नाही. त्या क्षणी मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या कोयता घेऊन आले. मी शेंगेपुढं उभी राहिले. मी काय करणार होते, माझं मलाच माहीत नाही. तेवढ्यात वहिनी मागच्या दारातून बाहेर आली. कासोटा घट्ट मारलेला, डोक्यावर पदर, मोकळं कपाळ, आणि पायात तुझे फौजेतले बूट. तू ते माळ्यावर तेल लावून ठेवले होतेस. नदीवर घालून गेलं तर भिजतील म्हणायचास. तिनं आत चिंध्या कोंबल्या असाव्यात, तरी चालताना ते टाचेशी वाजत होते.

"वन्सं, फुडनं धरा," ती म्हणाली.

मी धरली. आम्ही दोघींनी शेंग उचलली आणि घाटाकडं निघालो. सुभेदार मागून. त्यामागून कोयता घेतलेले तात्या.

"सरू, निघालीस कुठं? काल तेरावं झालं."

"रानात. उसाला पाणी द्यायचंय."

"आगं मी हाय की."

"तुमी हायसा. तुमचा ऊस बी हाय की वाळत."

घाटावर धुणं थांबलं. तात्या खाली उतरले, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. "आनि ह्ये काय? बाईमाणूस बूट घालून घाटावर?"

वहिनीनं शेंगेचं टोक पाण्यात सोडलं. तिनं आवाज चढवला नाही. "हितं खिळं हायती, तात्या. मालकांच्या पायात गेला तवापास्नं बी कुणी उचलली न्हाई फळी. तितंच हाय बगा, तुमच्या म्होरं."

ती मागं जाऊन बसली. मागं. मी बघतच राहिले. "वैनी, तुम्हाला येतं?"

"येतंय. बसा. सुभेदार, बैस."

तो बसला. मी बसले. तिनं वल्हं पाण्यात घातलं, आणि दादा, तुझ्यासारखंच, पाण्याचा आवाजही न करता, तिनं शेंग सरळ काढली. मध्यावर आल्यावर मी मागं न बघता विचारलं, कधी शिकलात? ती म्हणाली, "त्यांनीच शिकवलं. पहाटं, वळणाच्या पल्याड, कुणी बघायच्या आत. म्हणायचं, मी नसलो तर तुला नदी वलांडाया पायजे." मग आणखी दोनदा वल्हं मारून म्हणाली, "तुमाला सांगू नगं म्हणाले. मंजी बी मागं बसाया मागंल, मग सुभेदारानं मान कुणाच्या मांडीवर टाकायची?"

मी हसले असेन. रडलेही असेन. पण त्याच्याही आधी मला राग आला, आणि तो अजून आहे. चांगलं काम तू केलंस, पण चोरून का केलंस? गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पूल बांधणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला वल्हं शिकवायला वळणाच्या पलीकडं, पहाटे, लोकांच्या नजरेआड? भर दुपारी, धुणाऱ्या बायकांसमोर, तात्यांसमोर शिकवलं असतंस, तर आज तिला हे तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मोकळ्या कपाळानं, एकटीला करून दाखवावं लागलं नसतं. तू फळीही तशीच राहू दिलीस आणि माणसांनाही वळसा घातलास. कुणाला दुखवायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही, काय होत न्हाई. तुझ्यात प्रेम कमी नव्हतं. म्हणूनच तर राग येतो. ज्यानं कधी काही केलं नाही त्याच्यावर कोण रागावतं?

पैलतीराला आम्ही उतरलो. वहिनी "उतर" म्हणाली आणि सुभेदारानं उडी घेतली. ती तुझे बूट वाजवत उसात शिरली, तो तिच्या पुढं. मी शेंग धरून उभी राहिले आणि या काठाकडं बघितलं.

धुणाऱ्या बायका तशाच उभ्या होत्या. तात्या एकटेच पाण्यात उतरले होते. धोतर वर खोचून, वाकून, कोयत्याचं टोक घालून ते ती फळी उचकटत होते. ती लवकर निघेना. चिखलात चांगली रुतलेली होती. त्यांनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा ती सुटली, आणि ती उचलून खिळे वर धरून ते थोडा वेळ बघत राहिले. मग खांद्यावर टाकून वर निघून गेले. मागं वळून बघितलं नाही.

एवढंच काम होतं, दादा. तू असताना का झालं नाही?

तुझी,
मंजुळा